जंतबाई आणि आक्काची मरळ

परंड्याच्या आठवडी बाजारात मासळी घ्यायला आलेला माणूस काय करतो? कल्ला उचलून बघतो, डोळ्यांत डोळे घालून बघतो, बोटानं अंग दाबून बघतो आणि उगाच तोंड वाकडं करून विचारतो, ''ताजा हाय का?'' आमच्या जंतबाई मात्र मासळीच्या ओळीत शिरायच्या आतच ओरडायच्या, ''आक्का, एखादा आजारी आहे का गं आज? मरगळलेला, पोट फुगलेला?'' आणि तसा एखादा निघाला की त्यांचा चेहरा असा उजळायचा, जणू मुलीचं लग्न ठरलं. बाईंना मुलगी नव्हती. त्यांनी लग्नच केलं नव्हतं. वेळ मिळाला नसेल, कारण सगळा वेळ माशांच्या आतड्यात गेला.

बाई आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. धरणातल्या, ओढ्यातल्या रानमाशांच्या पोटात चपटे, पांढरे, फितीसारखे जंत असतात. त्या जंतांचा अभ्यास हे त्यांचं आयुष्य. खरं नाव हजेरीपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. मी मराठी शिकवायला नवीन रुजू झालो तेव्हा अदबीनं ''मॅडम'' अशी हाक मारली, तर त्या दचकून इकडं तिकडं बघायला लागल्या. मग म्हणाल्या, ''सर, मॅडम या गावात ढीगभर आहेत. जंतबाई मी एकटीच. तेच म्हणा, पोस्टमनलाही बरं पडतं.'' मला ते नाव जिभेवर घ्यायला धीर गोळा करावा लागला. पुढं सवय झाली, इतकी की बायकोसमोर त्यांचं खरं नाव घेतलं तर ती विचारायची, ''या कोण नवीन?''

दिसायला बाई एवढ्याशा. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. त्या दोरीच्या शेजारी तुळशीची माळ. हो, माळ! बाई पक्क्या माळकरी घरातल्या. मासा सोडा, जन्मात अंडं खाल्लेलं नव्हतं. केकमध्ये अंडं असतं म्हणून कॉलेजातल्या वाढदिवसांना त्या नुसत्या टाळ्या वाजवून बाजूला व्हायच्या. घरी फक्त आप्पा, म्हणजे त्यांचे वडील. ऐंशी ओलांडलेले, रोज पोथी वाचणारे. कॉलेजातून आल्यावर बाईंनी मागच्या दारी अंघोळ करायची, साडी बदलायची आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं, असा दोघांचा ठराव होता. आप्पा म्हणायचे, ''मेलेल्या जिवाच्या पोटात काय बघायचं ते बघ बाई. तू मारला नाहीस. तोंडात घालू नकोस म्हणजे झालं.'' यावर बाईंचं उत्तर असायचं, ''आप्पा, मला त्यातलं जे आवडतं ते कुणीच तोंडात घालत नाही.''

जंताविषयी बोलायला लागल्या की बाईंना आवरणं मुश्कील. ''सर, याला तोंड नाही,'' त्या काचपट्टी माझ्या नाकाशी आणून म्हणायच्या, ''पोट नाही, डोळे नाहीत, कान नाहीत. अंगानंच जेवतो. आणि प्रत्येक पेरात नवराही हाच, बायकोही हीच. बघा, कसा बिनबोभाट संसार चाललाय! आणि आपण? सगळं असून दिवसभर कुरकुर.'' बिनबोभाट हा त्यांचा ठेवणीतला शब्द. एखाद्याचं कौतुक करायचं असेल तर त्या म्हणायच्या, ''बिनबोभाट माणूस आहे.'' याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती. ती आमच्या प्राचार्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही.

जगाकडं बघायची त्यांची रीतही जंतामार्फतच होती. ''यजमानाला मारतो तो कच्चा जंत,'' त्या सांगायच्या. ''पक्का जंत यजमानाला कळूसुद्धा देत नाही. दोघंही सुखात.'' हा सिद्धांत त्या कुठंही लावायच्या. लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून बासुंदी वाढून घेणारा पाहुणा दिसला की माझ्या कानात पुटपुटायच्या, ''कच्चा.'' आणि सहा महिने भावाकडं राहूनही वहिनीची लाडकी असलेली एखादी नणंद दिसली की डोळे मिचकावून म्हणायच्या, ''पक्का!'' स्टाफरूममध्ये त्यांनी आम्हा सगळ्यांची अशी विभागणी करून ठेवली होती. मी कशात बसतो हे मी कधी विचारलं नाही. अजूनही वाटतं, न विचारलं तेच बरं.

माझ्याकडं स्कूटर होती आणि बाईंना कुठलंच वाहन चालवता येत नव्हतं, एवढ्या भांडवलावर आमची मैत्री जमली. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही सीना-कोळेगावच्या धरणावर निघायचो. मागं बाई, त्यांच्या मांडीवर बरण्यांची पिशवी. वाटेत एखादा बगळा दिसला की मागून माझ्या पाठीवर थाप बसायची. ''थांबा, थांबा! हा बघा, याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, पाण्यातल्या बारीक किड्यात एक मुक्काम, किडा माशानं खाल्ला की माशात दुसरा, मासा बगळ्यानं खाल्ला की परत घरी! काय प्रवास आहे!'' सगळे जंत काही असे फिरत नाहीत, काही जण माशातच सगळं आयुष्य काढतात, हेही त्या लगेच सांगायच्या, कारण अर्धवट माहिती देणं त्यांना पाप वाटायचं. तेवढ्यात बगळा उडून जायचा आणि मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्यांची आठवण काढत पुढं जायचा.

मासे पाण्यात बीज सोडून वाढवलेले असले तर बाईंना त्यात रस नसायचा. ''कटला, रोहू म्हणजे वसतिगृहातली पोरं,'' त्या म्हणायच्या. ''सगळी एका मापाची. रानातली मरळ बघा. कुठं कुठं हिंडून, काय काय गिळून आलेली असते. तिच्या पोटात गोष्ट असते.''

आता एक सांगायला हवं. मी मासेखाऊ माणूस. मरळीचा काळ्या मसाल्यातला रस्सा आणि ज्वारीची भाकरी यापुढं मला स्वर्गाची लालूच दाखवू नये. पण पहिल्यांदा बाईंनी एक शिंगाडा मासा उभा फाडला आणि आतून ती पांढरी फीत वळवळत बाहेर आली, तेव्हापासून माझा घास अडकायला लागला. बाईंना याचं फार वाईट वाटायचं. त्या मला वकिलासारखं उलटसुलट विचारायच्या. ''सर, आतडं खाता का तुम्ही?'' ''नाही.'' ''जंत कुठं असतो?'' ''आतड्यात.'' ''मासा कच्चा खाता?'' ''नाही हो.'' ''मग?'' डोकं पटकन मान डोलवायचं. जीभ ऐकायची नाही.

बाजारात मासळीच्या ओळीत पहिली बसायची ती शेवंताआक्का. भोई घरातली, बाईंच्याच वयाची, आवाज असा की बसस्टँडवर झोपलेला माणूस उठून बसावा. नवरा आणि दीर धरणावर जाळी टाकायचे आणि विकायचं काम आक्काचं. बाई मासा न्यायच्या नाहीत, फक्त आतडी न्यायच्या. गिऱ्हाइकाला मासा साफ करून दिला की आक्का आतडं वेगळ्या पिशवीत टाकून गाठ मारायची आणि बाजूच्या डब्यात ठेवायची. एका माशाचं दुसऱ्यात मिसळायचं नाही, हे बाईंनी तिला एकदाच सांगितलं होतं. कुणी विचारलंच, तर आक्का गंभीर चेहऱ्यानं सांगायची, ''बाईंचा खाऊ हाय.'' विचारणारा माळेकडं बघायचा, डब्याकडं बघायचा आणि गप्प निघून जायचा.

दुपारी गर्दी ओसरली की दोघी पोत्यावर शेजारी बसायच्या आणि चहा प्यायच्या. आक्का घरच्या कागाळ्या सांगायची, बाई जंतांच्या. कोण काय बोलतंय हे लांबून कळायचं नाही, कारण दोघींच्या बोलण्यात पाहुणे, फुकटचं खाणं आणि लवकर न निघणं हाच विषय असायचा.

एका हिवाळ्यात आक्काच्या मरळीत बाईंना एक जंत सापडला. तसा तो इतरांसारखाच, पण भिंगाखाली डोकं बघितलं तर त्यावरच्या आकड्यांची, म्हणजे आतड्याला धरून राहायच्या बारीक हुकांची, मांडणी कुठल्याच पुस्तकाशी जुळेना. पुढचे काही महिने बाई सहन होण्यापलीकडं गेल्या. रंगवायच्या, काचेवर चढवायच्या, चित्रं काढायच्या, खोडायच्या, पुन्हा आक्काकडं धावायच्या. शेवटी त्यांच्या जुन्या मार्गदर्शक सरांनी आणि आणखी जाणत्या लोकांनी बघून मान्य केलं की हा जंत आजवर कुणी नोंदलेला नाही. म्हणजे जगाच्या पाठीवर प्रथमच, परंड्यात, आक्काच्या पाटीत!

आमच्याकडच्या जंतांच्या अभ्यासकांत एक रीत आहे. नवा जंत मिळाला की त्याला एखाद्या आदरणीय माणसाचं नाव द्यायचं. कुणी गुरूचं देतं, कुणी आईचं, कुणी गावाचं. सगळ्यांनी धरलं होतं की बाई आपल्या मार्गदर्शक सरांचं नाव देणार. पण बाई म्हणाल्या, ''सरांच्या नावाचे आधीच इतके जंत आहेत की त्यांना आता मासे पुरायचे नाहीत. आतडं कुणी राखून ठेवलं? पिशवीला गाठ कुणी मारली? नाव तिचंच.'' आणि त्यांनी त्या जंताला शेवंताआक्काचं नाव दिलं. लॅटिन शेपूट लावून ते 'शेवंताए' असं झालं. यापेक्षा मोठा मान त्यांच्या जगात नव्हता. तो त्यांनी डोळ्यांत पाणी आणून दिला.

इथपर्यंत सगळं छान होतं. पुढं बाईंनी पेढे वाटले.

बाजाराच्या ऐन गर्दीत, मासळीच्या ओळीत उभं राहून, येईल त्याच्या हातावर पेढा ठेवत बाई सांगत होत्या, ''घ्या, घ्या! आक्काच्या मरळीत नवीन जंत सापडला!'' पेढा तोंडात गेल्यावर लोकांना वाक्याचा अर्थ लागत होता आणि पेढा अर्ध्यात थांबत होता. गंमत म्हणजे त्या दिवशी आक्काही हवेत होती. कॉलेजच्या पोरांनी तिचा फोटो काढला, तर तिनं पदर सारखा करून, हातात मरळ धरून ऐटीत काढून घेतला. ''परदेशात माझं नाव वाचत्यात म्हणं,'' ती भाजीवालीला ऐकवत होती. मीही पेढे वाटायला मदत करत होतो. एवढ्या शहाण्या माणसांत एकाच्याही डोक्यात पुढचं आलं नाही.

पुढचं आलं ते बसस्टँडसमोर, भल्या मोठ्या फ्लेक्सच्या रूपानं. आमच्याकडं पोरगं दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो. मग जगातला नवा जंत सापडल्यावर विद्यार्थी गप्प बसतात होय? डावीकडं बाई. उजवीकडं मरळ घेतलेली आक्का, बाईंच्याच हट्टानं बाईंपेक्षा मोठी. आणि मधोमध भिंगातून काढलेला जंताचा फोटो, गादीवरच्या लोडाएवढा, डोक्यावर आकड्यांचा मुकुट. खाली ठळक अक्षरांत: 'हार्दिक अभिनंदन! परंड्याची शान, सौ. शेवंताआक्का यांच्या मरळ माशाच्या पोटात जगातील नवीन जंत सापडल्याबद्दल! शुभेच्छुक, समस्त विद्यार्थी व मित्रमंडळ.' कुर्डुवाडीच्या गाडीची वाट बघणारी माणसं खाली उभी राहून मोठमोठ्यानं वाचत होती आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी तो मुकुटधारी पुरेसा होता.

पुढच्या बाजारी आक्काच्या पाटीला माशीसुद्धा शिवली नाही. लोक लांबून वळसा घालून जायचे. काही जण थांबायचे, पण ते आक्काला फ्लेक्सशी ताडून बघायला. आणि एकट्या आक्काचं नव्हे, हळूहळू साऱ्या मासळीच्या ओळीचं तेच झालं. ओळीतल्या बाकीच्या बायका आक्काकडं डोळे वटारून बघायला लागल्या. समोरच्या कोंबडीवाल्या जब्बारचाचांकडं मात्र रांग लागली. चाचा भला माणूस. त्यांनी बाईंना हात जोडून सांगितलं, ''मॅडम, कभी हमारी मुर्गी में कुछ मिल्या तो चुप बैठो. पेढे मत बाटो.''

बाई धावत आक्काकडं गेल्या. आक्कानं विळी खाली ठेवली नाही. ''बाई, म्या मासं इकती का जंत इकती?'' ती म्हणाली. ''साऱ्या गावात माझ्या नावाचा जंत! नातेवाईकं फोन करून इचारत्यात, कसा हाय म्हणून. आता येऊ नगा माझ्याकडं. खाऊबी न्हाय आन् च्याबी न्हाय.'' आणि तिनं तो आतड्याचा डबा उचलून गटारीत पालथा केला. बाई त्याकडं बघत राहिल्या. परत येताना स्कूटरवर त्या बगळा दिसला तरी बोलल्या नाहीत. घरापाशी उतरल्यावर म्हणाल्या, ''मी कच्चा जंत निघाले, सर. जिच्या जिवावर वाढले तिलाच मारलं.''

फ्लेक्स तर त्यांनी त्याच संध्याकाळी उतरवायला लावला. मग डोकं लावून त्यांनी रिक्षावर भोंगा बांधला आणि स्वतःच्या आवाजात गावभर फिरवला. ''नागरिकहो, घाबरू नका! जंत फक्त आतड्यात असतो! आतडं काढून टाका, मासा नीट शिजवा, काही होत नाही!'' शास्त्र शंभर टक्के खरं. पण भोंग्यावरून 'घाबरू नका' ऐकल्यावर जो घाबरत नाही असा माणूस आमच्या तालुक्यात जन्मलेला नाही. ज्यांना फ्लेक्सचा पत्ता नव्हता त्यांनाही आता सविस्तर कळलं. जवळपासच्या गावांतून लोक विचारायला लागले की परंड्यात कसली साथ आलीय. बाईंनी भोंगा बंद केला आणि कॉलेजातून रजा टाकून दोन दिवस घरात बसून राहिल्या.

बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. ''सर, स्कूटर काढा.''

बाई सरळ आक्काच्या पाटीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. भोंग्यावाल्या बाई आल्या म्हटल्यावर बघायला माणसं जमलीच. ''ही मरळ दे,'' बाई म्हणाल्या. आक्कानं मान फिरवली. ''आक्का, गिऱ्हाईक आहे मी. दे.'' आक्कानं मरळ घेतली, खवलं काढली, पोट फाडलं. बाईंनी आतडं हातात घेऊन वर धरलं आणि सगळ्यांना दाखवून कागदात गुंडाळलं. ''हे गेलं. आता राहिलेलं शिजव. जब्बारचाचा, स्टोव्ह आणा तुमचा.'' चाचा खरोखर स्टोव्ह घेऊन आले. आक्का म्हणाली, ''शिजवते. पर खाणार कोण?''

''मी,'' बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी गळ्यातली माळ काढली. कपाळाला लावली. ''सर, धरा जरा,'' म्हणून माझ्या हातात ठेवली. इतक्या वर्षांत ती माळ मी त्यांच्या गळ्याबाहेर कधी पाहिली नव्हती. ती किती हलकी असते हे मला तेव्हा कळलं आणि मी मूठ घट्ट मिटली.

आक्का ताडकन उभी राहिली. ''बाई, माळ घाला आधी,'' ती म्हणाली. ''न्हायतर आत्ता विळी टाकून घरला जाते. माझ्यापायी तुमी बाटायचं? बसला धंदा तर बसला! ऊस तोडाया जाईन ढोकीच्या बाजूला. पर ह्ये पाप माझ्या डोसक्यावर नगं.''

''पाप मी पेढ्यानं केलंय,'' बाई म्हणाल्या. ''आणि एवढी वर्षं मी पोरांना शिकवते की शिजलेल्या मासळीचं भय नाही. मी स्वतः घास घेत नाही, मग लोकांनी माझं का ऐकावं? शिजव, आक्का.''

रस्सा उकळत होता तोवर गर्दी वाढतच गेली. मासळीच्या ओळीतल्या ज्या बायका आक्काशी अबोला धरून होत्या, त्यांतलीच एक उठून मीठ देऊन गेली, दुसरीनं आपल्या भाकरीतली अर्धी दिली. ताटली बाईंच्या हातात आली. त्यांनी डोळे मिटले, तुकडा उचलला आणि भाकरीसारखा आख्खाच तोंडात कोंबायला लागल्या. काटा असतो हे त्या विसरल्या. माशाच्या पोटातलं सगळं ठाऊक असलेल्या त्या बाईला मासा खायचा कसा हेच ठाऊक नव्हतं! आक्कानं झडप घालून त्यांचा हात धरला. ''थांबा! काटा हाय त्यात! जीव द्यायला बसलाय का?'' मग ती बाईंच्या शेजारी पोत्यावर बसली, बोटांनी काटा काढला, गराचा घास केला आणि लेकराला भरवावा तसा बाईंच्या तोंडात घातला. मग दुसरा. मग तिसरा. आक्का रडत होती, बाई चावत होत्या.

''जरा तिखट आहे,'' शेवटी बाई म्हणाल्या.

त्यावर जे हसू फुटलं ते पार परंड्याच्या किल्ल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. जब्बारचाचा आपल्या गिऱ्हाइकांची रांग सोडून आले, ''हमकू भी दो,'' म्हणून ताटलीत हात घालून मोकळे झाले. मी मागं राहतोय हे बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तोंडानं नुसतं म्हणाल्या, ''मग?'' आणि मी जेवलो. माळेची मूठ तशीच घट्ट धरून डाव्या हातानं जेवलो. इतक्या दिवसांनी मरळ घशाखाली उतरली आणि मला भडभडून आलं, तिखटानं नव्हे. दुपारच्या आत साऱ्या ओळीच्या पाट्या रिकाम्या झाल्या होत्या. नंतर तर गिऱ्हाईक हौसेनं आक्काला विचारायला लागलं, ''बघू, तुमच्या नावाचा निघतो का यात?'' आणि निघाला तर आक्का अभिमानानं दाखवायची.

पण त्या दिवशी घर जवळ आल्यावर बाईंनी मला स्कूटर अलीकडंच थांबवायला लावली. बातमी त्यांच्याआधी पोचणार हे उघड होतं. ''सर, तुम्हीही आत चला,'' त्या म्हणाल्या. आप्पा ओसरीवर पोथी मिटून बसले होते. बाई मागच्या दारानं गेल्या नाहीत, अंगणातच उभ्या राहिल्या. मी माळ पुढं केली, ती आप्पांनी घेतली. बराच वेळ बोटांत फिरवली. मला वाटलं, आता म्हातारा काहीतरी असं बोलणार की जन्मभर विसरता येणार नाही. तसं बोललेच ते.

''कसं लागलं?'' आप्पांनी विचारलं.

बाईंनी खाली मान घातली. ''चांगलं लागलं, आप्पा. तेच अवघड झालंय.''

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मलाच पाणी आणायला आत पळावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, ''दुसऱ्याच्या चुलीसाठी खाल्लंस ना? मग झालं. आज राहू दे, उद्या अंघोळ करून घाल माळ. आणि परत चांगलं लागू देऊ नकोस.'' बाईंनी दुसऱ्या दिवशी माळ घातली आणि पुन्हा कधी मासा तोंडात घातला नाही. मात्र आक्कानं चाचांच्या स्टोव्हवर रस्सा ठेवला की वास अंगावर येईल अशा बाजूला त्या बसायच्या, हे मी पाहिलेलं आहे.

पुढं बाई निवृत्त झाल्या. आप्पा गेले. एकट्या घरात करमेना म्हणून बाई लातूरला भाचीकडं राहायला गेल्या. फोनवर तक्रार करायच्या की इथली मासळी फार निरोगी आहे. गेल्या वर्षी एका सकाळी भाचीचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. बिनबोभाट. मी फोन ठेवला आणि कुठं जावं ते सुचेना. मग लक्षात आलं की आज बाजार आहे.

आक्का मरळ साफ करत होती. मी सांगितलं तेव्हा तिनं विळी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि रस्त्याकडं बघत बसली. गिऱ्हाईक उभं होतं, ते तिला दिसत नव्हतं. मग म्हणाली, ''सर, त्यो जंत हाय न्हवं, माझ्या नावाचा. त्याला आता बाईचं नाव द्याया येईल का? म्या माझं काढून घेती, राजीखुशीनं. मला लेकरं हायती, नातवंडं हायती, कुणी ना कुणी नाव घील. बाईच्या मागं कोण हाय?''

त्या नावावरून हिनं बाईंचा चहा बंद केला होता. त्या जंतावरचा बाईंचा लेख छापायला जाण्याआधी मीच वाचून दिला होता, म्हणून मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. ''आक्का, एकदा दिलेलं नाव बदलता येत नाही. पण ते नाव एकटं नसतं. ज्यानं जंत शोधला त्याचं आडनाव त्याला लागून लिहितात. आधी तुमचं नाव, मग बाईंचं आडनाव. कुठल्याही देशात, कुणीही लिहिलं तरी असंच.''

''शेजारी शेजारी?''

''अगदी चिकटून.''

''मधी त्यांचं ते मोठं सर न्हाईत?''

''कुणी नाही मध्ये.''

आक्कानं दोनदा मान हलवली. ''मग ऱ्हाऊ द्या तसंच,'' ती म्हणाली, आणि मग कुठं तिला रडू फुटलं.